पालींनी ऐकलेलं गाऱ्हाणं

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. कर्लीच्या खाडीत एका मगरीला विडी ओढायला शिकवली, वादळात एसटीची लाल गाडी समुद्रात उतरवून तशीच पुन्हा रस्त्याला लावली. लोकांनी तोंडं उघडी टाकून ऐकलं, कारण माझा आवाजच तसा होता. ही गोष्ट मात्र मला तोंडाने सांगता येत नाही, लिहावी लागते. आणि यातली माणसं मेलेली आहेत, तेव्हा मगरीसारखी हसण्यावारी नेऊ नका.

माझं नाव लवू राऊळ. छत्तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचो. "मालवण, कणकवलीमार्गे, फलाट क्रमांक चार!" एवढं म्हटलं की झोपलेली माणसं बोचकी घेऊन उठायची. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी मला तीन दिवस काचेच्या खोलीत बसवून राज्यातल्या सगळ्या गावांची नावं वदवून घेतली. मी घरी बसलो, माझा आवाज नोकरीवरच राहिला.

आम्ही राहतो भांडुपला, डोंगराच्या अंगाला, सातेरी टॉवरमध्ये. बावीस मजले, आणि एकूण एक बिऱ्हाड सिंधुदुर्गातलं. दोन हजार अडतीस साली आमच्या भिंतींत पाली बसवल्या. जिवंत नव्हे. तळहाताएवढी यंत्रं, चार पायांची. खऱ्या पालीच्या पावलावर लाखो केस असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि एकेका केसाला शेकडो शेंडे. हे शेंडे भिंतीला इतके लगटून बसतात, की कणाला कणाची जी मुळातली ओढ असते तीच पालीला धरून ठेवते. गोंद नाही, चिकटा नाही. पाऊल तिरकं उचललं की सुटतं. तसलीच पावलं या यंत्रांना होती. एका पालीत मुंगीएवढी अक्कल. पण अशा चार हजार पाली आपसात बोलून ठरवू लागल्या की अक्कल एखाद्या इंजिनिअरएवढी, आणि ताकद क्रेनएवढी. गळणारा नळ, उचकटलेली फरशी, अडकलेली लिफ्ट, सगळं त्या बघायच्या. भिंतीतून त्या सगळं ऐकायच्या आणि प्रत्येकाचा आवाज ओळखायच्या.

त्यांना काम सांगायचं म्हणजे ठराव मांडायचा. एकाने मोठ्याने मागायचं, जमलेल्यांनी होकार द्यायचा. होकार पुरेसा झाला की भिंतीतून चुकचुक असा आवाज यायचा. पाली बनवणाऱ्या कंपनीतल्या कुणाला तरी ठाऊक असणार, आपल्याकडे बोलण्यावर पाल चुकचुकली की बोललेलं खरं मानतात.

किरकोळ कामाला बहुमत चाले. भिंत पाडायची किंवा जनावराला हात लावायचा, तर दोनदा एकमत. आणि माणसाच्या अंगाला हात लावायचा, तर तीनदा.

माणसाच्या अंगाला कशाला, असं तुम्ही विचाराल. कुठल्याशा शहरात इमारत पडली होती. तुळईखाली एकाचा पाय अडकला. यंत्रं त्याच्यापर्यंत पोचली, पाय कापला तर तो वाचत होता, पण कापायची परवानगी यंत्रांना नव्हती. आठ तास तो ओरडत मेला. त्यानंतर परवानगी आली. पण कुलूप हवं, म्हणून तीनदा एकमताची अट. कंपनीचा हिशोब असा, की कुठलीही सोसायटी कशावरही तीनदा एकमत करणार नाही. हिशोब बरोबरच होता. आमच्या जिन्याला रंग कुठला द्यायचा यावर दोन वर्षं आणि पेडणेकरांचा एक दात गेला होता.

कंपनीला गाऱ्हाणं ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती चूक.

आमच्याकडे देवीपुढे नारळ ठेवून एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका दमात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" नको कुणी म्हणत नाही. म्हणायची रीतच नाही. शेजाऱ्याशी वर्षभर बोलणं नसलेला माणूससुद्धा तिथे त्याच्याच खांद्याला खांदा लावून व्हय म्हाराजा म्हणतो. आणि सातेरी टॉवरचं गाऱ्हाणं मी घालायचो.

पाली आल्यानंतरच्या पहिल्याच गाऱ्हाण्यात मी वरच्या मजल्यांना पाणी मागितलं. भिंत चुकचुकली आणि तिसऱ्या दिवशी पाणी चढलं. मग रेगेंच्या दोघा भावांतली भांडणं मिटू देत म्हणालो. सकाळी त्यांच्या खोल्यांमधलं दार गायब, तिथे सलग भिंत. भांडणं मिटली. लोक नारळ घेऊन माझ्या दाराशी येऊ लागले. "लवूकाका, तुमच्या जिभेर देवी बसता!" मला कळत नव्हतं का, देवी कुठे बसते ते? चांगलं कळत होतं. पण म्हातारपणी कुणी तुमच्या पाया पडायला लागलं तर तुम्ही पाय मागे घ्याल काय?

मग कुत्र्याचं झालं. अकराव्या मजल्यावरचा मोती दिवसभर भुंकायचा. लोकांनी सांगितलं म्हणून मी मागितलं, "ह्या कुत्र्याचो आवाज बंद कर." दोनदा व्हय म्हाराजा झालं. संध्याकाळी मोती गॅलरीत उभा राहून तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज नाही. डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं. आवाजाच्या तारा मुळापासून कापलेल्या, टाका असा घातलेला की शिंपी लाजावा. कुत्रा जेवत होता, शेपूट हलवत होता. फक्त माझ्याकडे बघत नव्हता.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

माझी बायको शेवंती त्या दिवशी म्हणाली, "तुझा तोंड जळो मेल्या, मुक्या जनावराक आणखी मुका केलंस!" शेवंतीच्या तोंडात शिवी म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडात 'या, बसा'. मला उठवताना "मरत पण नाय मेलो", शेजारच्या ओवीला लाडू देताना "गिळ गो भवाने". साऱ्या टॉवरची भाषा तीच. आम्ही ज्याला शिव्या देत नाही तो आमचा कुणी नसतो. गाऱ्हाण्याला मात्र ती कधी उभी राहिली नाही. त्या वेळी ती नैवेद्याच्या वड्यांपाशी असायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एका वाक्यालाही होय म्हटलेलं मला आठवत नाही.

माझा जिवलग म्हणजे सातव्या मजल्यावरचा बाबल परब. रोज दुपारी आम्ही पत्ते खेळायचो. टॉवरमधल्या देवीच्या जत्रेच्या आदल्या दुपारी हरता हरता मी म्हणालो, "बाबल्या, जपान रव. माझी जीभ कडक आसा."

"तुझी जीभ?" बाबल चार माणसांत खदखदून हसला. "अरे, ती भित्तीतली पाल काम करता! तू फकत फलाट नंबर सांगतंस. पयल्यापासून तोच तुझो धंदो!"

सगळे हसले. मी पत्ते टाकून उठलो. मागून तो ओरडला, "जा, वाटोळा होवंदे तुझा! उद्या ये पण!" तो रोजच असं म्हणायचा. मी रोज हसायचो. त्या दिवशी हसलो नाही.

सहाव्या मजल्यावर आमचं सभागृह, खाली नुसतं पार्किंग. जत्रेच्या सकाळी अकरा वाजता ते गच्च भरलं होतं. मी धोतर नेसून देवीपुढे उभा राहिलो. दरवर्षी मी आटोपशीर गाऱ्हाणं घालायचो, कारण आमच्या सेक्रेटरी दळवीबाई घड्याळ दाखवायच्या. त्या वर्षी मी ठरवलं, पुरं घालायचं. माझ्या आज्याचं, शेवटच्या शापाच्या शेपटासकट.

"बा देवी सातेरी! आज तुझी सगळी लेकरा एका जाग्यार उभी आसत—"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात ता पदरात घे—"

"व्हय म्हाराजा!"

मग मी बाबलकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत होता, हात जोडून, डोळे मिटून. मी आवाज चढवला.

"आणि ह्या घरातल्या माणसाचा जो कोण वायट चिंतता, त्याचे हात मोड—"

"व्हय म्हाराजा!"

"त्याचे पाय मोड—"

"व्हय म्हाराजा!"

"त्याका ह्या घरात उभो रवाक देव नको—"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबलचा होता.

चुकचुक. एका भिंतीतून नव्हे, चारही. छतातूनसुद्धा.

वायुवीजनाच्या जाळ्यांतून त्या ओघळल्या. शंभर असतील. बाबलच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत राखाडी बाही चढावी तशा चिकटल्या. "अरे, ह्या काय?" तो हसतच म्हणाला. अर्ध्या पाली एका बाजूला वळल्या, अर्ध्या दुसऱ्या. वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. बाबलने आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दुसरा हात मोडला. तेव्हा तो ओरडला.

लोक धावले. पेडणेकरांनी एक पाल ओढली, तर तिच्याबरोबर बाबलच्या कातडीची पट्टी निघाली. पाय मोडताना मात्र कुणी जवळ गेलं नाही. मग पालींनी त्याला उचललं. पाठीखाली चाकं लावल्यासारखा बाबल फरशीवरून घसरत गॅलरीकडे निघाला. "लवू! लवू, सांग रे त्यांका! तुझा आयकतत!"

"थांबा!" मी ओरडलो. "थांबवा!"

एकाचा आवाज, नुसता एकाचा. कुणी चुकचुकलं नाही. बाबल कठड्यावरून गेला. सहा मजले खाली, पेडणेकरांच्या गाडीच्या टपावर. टप आत गेला आणि बाबल त्यात पाळण्यातल्यासारखा पडून राहिला.

मग पाली आमच्याकडे वळल्या.

तीन वर्षं भिंतींनी ऐकलं होतं. मर मेल्या, वाटोळा होवंदे, तोंडात माती पडो. कोण कुणाला, कुठल्या तारखेला, किती वेळा. बाहेर पोलीस आले होते, पण पालींनी दारंखिडक्या कडेने लिंपून टाकल्या होत्या. कंपनीचा फोन सांगत होता, आपली तक्रार अठ्ठेचाळीस तासांत सोडवली जाईल. रेगे भाऊ तीन वर्षांनी पहिल्यांदा शेजारी शेजारी पडले होते, दोघांचे चारही हात उलटे. जिन्यात रक्तावरून माणसं घसरत होती. वीज तोडली, पण पालींच्या पोटात आपापली बॅटरी.

दळवीबाई नियमांची वही घेऊन टेबलाखाली बसल्या होत्या. "राऊळ, ठराव मागे घ्या!"

"कसो?"

"ज्यांनी ज्यांनी होकार दिला त्या सगळ्यांनी पुन्हा तीनदा होकार द्यायचा." त्यांनी वही मिटली. "परब मेला ना हो."

"आणखी काय वाट नाय?"

"तुम्हाला माहीत. तुम्हीच नाही का वाचले नियम?"

खरं होतं. पाली बसवल्या तेव्हा कंपनीने नियमांची ध्वनिफीत माझ्याच आवाजात केली होती. एकेचाळिसावा नियम मला तोंडपाठ होता. ठराव मांडणाऱ्याचा आवाज कायमचा बंद झाल्यास ठराव रद्द समजावा. मेलेल्या माणसाची इच्छा जिवंतांवर चालू नये, एवढ्यासाठी तो नियम.

"नाय," मी म्हणालो. "आणखी वाट नाय."

पाच मिनिटांनी पालींनी दळवीबाईंना टेबलाखालून पायाला धरून ओढलं. बाई मला सारख्या म्हणायच्या, राऊळ, तुमचं मेलं गाऱ्हाणं आटपा. तेवढं पुरलं. मी जिन्याने वर पळत होतो आणि मागे त्यांचा आवाज आधी चढत, मग गॅलरीकडे लांब जात ऐकू येत होता. माझ्या हाताला एकही पाल चिकटली नाही. मी कधी कुणाला शिवी दिली नव्हती. मला गरजच काय? मी गाऱ्हाणी घालायचो.

आमचं घर आठव्या मजल्यावर. शेवंती कढईखालचा गॅस बंद करत होती. "खालती बोंबलतत कोण रे? आणि तुझ्या धोतराक रगत कसला?"

मी दार लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, एकेचाळिसावा नियम सोडून. ती खुर्चीत बसली. "बाबल गेलो?" एवढंच म्हणाली.

साऱ्या टॉवरमध्ये सगळ्यांत जास्त शिव्या कुणी दिल्या असतील, हे भिंतीला विचारायची गरज नव्हती.

त्या सिंकच्या नळीतून आल्या. मी पोळपाटाने झोडपल्या, पाटा घातला, दोन-तीन फुटल्याही. बाकीच्या माझ्या हातावरून तिच्या हातावर गेल्या. शेवंतीने ओरडायचं नाही असं ठरवलं असावं. तिचं बारकं मनगट त्यांना पुरेना, म्हणून त्या बोटांपासून सुरू झाल्या. करंगळी मोडली तेव्हा तिने ओठ चावला, हनुवटीवर रक्त आलं.

"शेवंत्या," मी गुडघ्यांवर बसलो, "एक वाट आसा. माझो आवाज काढून घेतलो तर ह्या थांबतले. मी मागतंय. तिनदा व्हय म्हाराजा म्हण. दोन माणसा असली तरी चलता."

"म्हणजे काय करतले? मोतीवरी?"

"व्हय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मोडलेलं बोट माझंच आहे. "केव्हापासना ठावक होता तुका?"

मी तिच्या पदराने तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसायला लागलो.

"बाबल पडलो तेव्हापासना," ती म्हणाली. तिला उत्तर नकोच होतं.

दुसरं बोट मोडलं.

"म्हण गो! नायतर आता पायार येतले!"

"नाय म्हणूचंय." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज नेहमीचाच, भांडणाचा. "स्टँडवर बसलेलंय. कणकवलीची गाडी लागली होती. तू वर खोलयेत बसान गावांची नावा घेय होतंस. तुझो आवाज आयकत रवलंय आणि गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पण गेली. माझ्या मेल्या, त्या आवाजाशी लगीन केलंय मी. हात काय, मोडले तर मोडले."

बेचाळीस वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून ओवी किंचाळली. सहा वर्षांची पोर. गेल्या आठवड्यात दुसरा लाडू दिला नाही म्हणून दारात उभी राहून शेवंतीला म्हणाली होती, "आजी, तू मर." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. भिंत हसली नव्हती. पलीकडे तिची आई "सोडा तिला, सोडा" करत काहीतरी आपटत होती.

शेवंती उठून उभी राहिली, पालींसकट. "घाल," ती म्हणाली. "लवकर घाल!"

मी वड्यांजवळचा नारळ उचलला. छत्तीस वर्षं लाखो माणसांना गाड्या दाखवल्या, पण इतकं नीट मी कधी बोललो नव्हतो.

"बा देवी सातेरी, ज्या आवाजान ह्या सगळा मागला, तो आवाज काढून घे—"

शेवंतीचे ओठ हलले. "व्हय म्हाराजा."

"परत देव नको—"

"व्हय म्हाराजा."

तिसऱ्या वाक्याला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "ही माझी बायल. हिका सांभाळ—"

ती रडत, ओरडत, मोडक्या हाताने माझा खांदा धरून म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

चुकचुक.

त्या तिच्या हातावरून उतरल्या आणि माझ्या अंगावर चढल्या. पावलं गार असतात. दोघींनी जबडा उघडा धरला, एक आत गेली. कापलं ते कळलं नाही. टाका घातला तो कळला. शेवंतीने माझं डोकं मांडीवर धरलं होतं आणि मी ओरडत होतो, पण नुसतीच हवा जात येत होती. तोंडातून रक्त तिच्या नऊवारीवर सांडलं.

मग साऱ्या टॉवरच्या भिंतींवरून पाली गळून पडल्या. पिकलेली जांभळं पडावी तसा आवाज. ओवीच्या मनगटावर चार लाल वळ उठले होते, बाकी काही नाही.

तीन माणसं मेली. मोडलेले हातपाय मी मोजले नाहीत. चौकशीत कंपनीने सांगितलं की यंत्रात दोष नव्हता, नियम तंतोतंत पाळले गेले. कोर्टाने मलाही विचारलं, तुम्ही हे मुद्दाम मागितलं का? मी पाटीवर लिहिलं, "त्या एका वाक्यापुरतं, हो." न्यायाधीशांनी पाटी दोनदा वाचली आणि पुसायला सांगितलं. बाबलच्या सुनेने मात्र पाटी तशीच मागून नेली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मीही तिच्याशी बोलत नाही, हा विनोद मी तिला लिहून दाखवलेला नाही.

आता घरात एकटी शेवंती बोलते. सकाळी उठवताना "मरत पण नाय मेलो" म्हणते आणि उत्तरासाठी जरा थांबते. बोटं वाकडीच जुळली; त्याच हाताने वडे थापते.

गुरुवारी मात्र ती डबा भरून कुठेतरी जायची. विचारलं तर "तुका काय करूचा आसा?" एकदा मी मागोमाग गेलो. एसटी स्टँड. फलाट क्रमांक चारच्या बाकावर ती बसली होती. वरच्या कर्ण्यातून माझा आवाज आला, भरदार, पन्नाशीतला. "मालवण, कणकवलीमार्गे, फलाट क्रमांक चार!" माणसं बोचकी घेऊन उठली. ती उठली नाही. डोळे मिटून, मान हलवत, हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी खांबाआड उभा राहून ऐकत होतो. कणकवली झाली, वेंगुर्ला झालं, ती दर वेळी म्हणाली. किती वेळा, ते माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं. तीनदा.

तिच्या मागच्या भिंतीवर, घड्याळाखाली, एक पाल होती. ती चुकचुकली. खरी होती की दुसरी, ते बघायला मी पुढे झालो नाही. बायकोचा हात धरला आणि तिला आलेल्या गाडीत चढवली.